शहर बसचा ठेकेदार बदलून राहिला, जुन्या ड्रायव्हरचं काय होते? (नागपूर)

गिट्टीखदानवाला

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ शहर बसवर ड्रायव्हर आहे, पालिकेचा नाही, ठेकेदार कंपनीचा. पाच वर्षांच्या वर झाले त्याले. आता डेपोत असं चालून राहिलं का या कंपनीचा ठेका संपते, दुसरी कोणती तरी कंपनी येते आणि ती इलेक्ट्रिक गाड्या आणते म्हणे. नवीन कंपनी जुन्या लोकांना घेईन का नाही, घेतलं तर आहे त्या पगारावर का पुन्हा पहिल्यापासून, कोणालाच पक्कं माहीत नाही, चहाच्या टपरीवर जो भेटते तो वेगळंच सांगते.

त्यात परवा सुपरवायझरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं का राजीनामा लिहून ठेवा, तारीख टाकू नका, म्हणजे नवीन कंपनीत तुमचं सोप्पं होईन. काही पोरांनी देऊनही टाकला. भावानं अजून दिला नाही, घरी आला आणि मला विचारून राहिला, आता मी मोबाईल रिपेअरिंगवाला माणूस, मी काय सांगू.

दुसरं म्हणजे ड्यूटी. सकाळी साडेपाचला डेपोत हजर, अकराच्या सुमारास उतरवतात, पुन्हा चारला चढायचं ते रात्री दहा. मधल्या वेळेचा पैसा नाही. डेपो शहराच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, मे महिन्याच्या उन्हात दुपारी गाडीवर येणंजाणं करण्यापेक्षा तो तिथंच झाडाखाली पडून राहते. हे कायद्यात बसते का? आणि दाद मागायची कोणाकडे, कंपनीकडे गेलं तर म्हणतात पालिकेला विचारा, पालिकेचं नाव घेतलं तर युनियनवाले म्हणतात तुझा मालक कंपनी आहे. जाणकारांनी सांगा राजेहो.

रिटायर_कंडक्टर

भाऊ, पयले त्याले सांग, राजीनाम्यावर सही करू नको. बाकीचं मंग बोलू. बिनतारखेचा राजीनामा म्हणजे त्याची मान त्यानं स्वतःच्या हातानं त्यांच्या हाती देणं आहे. उद्या भांडण झालं का तारीख टाकतात आन म्हणतात, हा तर मनानं सोडून गेला.

आता ड्यूटीचं. मी एसटीत होतो, आमच्या टायमाले १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट युनियनवाल्याईच्या तोंडपाठ राहे. पाच आन त्याच्यावर माणसं कामाले असले का लागू, मालक सरकारी असो का खाजगी. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. पाच तास झाले का अर्धा तास सुट्टी द्यावीच लागते. ड्यूटीचे दोन तुकडे पाडता येते, पण दोनच, आन पहिल्या हजेरीपासून शेवटच्या उतरण्यापर्यंतचा सगळा पसारा बारा तासाच्या आत बसला पाहिजे. तुया भावाचा साडेपाच ते दहा म्हणजे साडेसोळा तास झाला. वरून आजची ड्यूटी संपल्यावर उद्याची सुरू व्हाच्या आधी सलग नऊ तास आराम लागते. रात्री दहाले उतरला, सकाळी साडेपाचले हजर, मधात साडेसात तास, त्यातच घरी जा, जेवा, झोपा, आंघोळ करा आन परत या. म्हणजे आठ तास, बारा तास, नऊ तास, तिन्ही नियम एकाच चार्टात मोडले.

आन एक गोष्ट पोराईले माहीतच नसते. शेवटच्या स्टॉपवर गाडी लावून थांबतो ना आपण, ते थांबणं पंधरा मिनिटाच्या आत असन तर कायद्याच्या हिशोबानं ते कामाचेच तास आहे. टाईमकीपर काय करते, फक्त गाडी चालली तेवढा वेळ मोजते. हिंगण्याले पोचला, दहा मिनिटं थांबला, परत फिरला, तर ते दहा मिनिटं कोणी कापू शकत नाही. सकाळी टायर, हवा, पाणी पाहाचं, रात्री गाडी जमा करून चाव्या देण्यापर्यंतचंही कामातच येते. दिवसभराच्या फेऱ्याईचा असा हिशोब लाव आन पाय किती ओव्हरटाईम निघते, आन ओव्हरटाईम म्हणजे डबल पगार.

भावाले सांग एक वही कर. रोजची हजेरी, गाडी नंबर, रूट, पहिली फेरी, शेवटची फेरी, सुट्टी. ड्यूटी चार्टचा फोटो काढत जा. तोंडी सांगितलेलं साहेबाच्या टेबलावर चालत नाही.

बर्डी_ते_बुटीबोरी

मी रोज मोरभवनहून बस पकडतो म्हणून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. ड्रायव्हर लोकांचे हाल होतात मान्य आहे पण पब्लिकचं काय? बस स्टॉपवर थांबत नाही, हात दाखवला तरी पुढं जाऊन उभी करतात, एका हातात मोबाईल. संप झाला का ऑफिसची वाट लागते आणि ऑटोवाले त्या दिवशी तोंडाला येईल तो भाव मागतात. सगळे कायदे ड्रायव्हरच्याच बाजूनं लावायचे असतील तर तिकीट अजून वाढणार, तो पैसा शेवटी आमच्याच खिशातून जाणार ना?

रिटायर_कंडक्टर

@बर्डी_ते_बुटीबोरी मोबाईलचं मी समर्थन करत नाही, असल्याले घरी बसवा. पण साडेसात तासाच्या आरामावर आलेला माणूस तुमची गाडी चालवून राहिला एवढं ध्यानात ठेवा. झोप तुमच्या तिकिटात धरलेली नाही.

कामगार_कोर्ट_वारी

मी वकील नाही पण कामगार कायद्याच्या एका ऑफिसात बरीच वर्षं कागद लिहिलेत त्यामुळे थोडं नीट सांगतो. लांबेल.

आधी हे की २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. काकांनी सांगितलेला १९६१ चा कायदाही आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदाही. म्हणून तक्रार लिहिताना फक्त जुन्या कायद्याचं कलम टाकू नका, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच दिवशी तेच धरून बसेल. गाभा मात्र तोच आहे, दिवसाला आठ तास, ओव्हरटाईमला दुप्पट, आठवड्याची सुट्टी. उलट काही गोष्टी सुधारल्या, भरपगारी रजेसाठी आधी वर्षात २४० दिवस भरावे लागत ते १८० वर आलं, आणि अपॉइंटमेंट लेटर प्रत्येकाला देणं सक्तीचं झालं. भावाकडे लेटर आहे का हे सगळ्यात आधी बघा, कारण पुढचं निम्मं त्यावरच अवलंबून आहे.

मालक कोण हा प्रश्न. नोकरीला ठेवणारा ठेकेदार, पण ज्या संस्थेनं ठेका दिला ती मुख्य मालक. त्याला हात झटकता येत नाहीत. ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मुख्य मालकानं द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा, हे १९७० च्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. पीएफचंही तसंच, ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला जातो की नाही याची शेवटची जबाबदारी मुख्य मालकावर येते. तेव्हा तक्रारीचा अर्ज एकालाच देऊ नका, कंपनी, ठेका देणाऱ्या संस्थेचा परिवहन विभाग आणि सिव्हिल लाईन्समधलं कामगार आयुक्तांचं ऑफिस, तिघांना एकच अर्ज, तिन्हीकडून पोच. पोचेशिवाय परत यायचं नाही.

पगार महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. वरून बिल आलं नाही हे कारण कायद्यात नाही. नोकरी सुटली तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत. आणि कापाकापी, हे बसवाल्यांच्या बाबतीत फार होतं. फेरी चुकली, गाडी घाण होती, आरसा फुटला की संस्था कंपनीला दंड लावते आणि कंपनी तो सरळ ड्रायव्हरच्या पगारातून वळता करते. तसं करता येत नाही. दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि त्याआधी माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. नुकसानभरपाई वेगळी, पण ती लावायला त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, गाडीला मागून कोणी ठोकलं तर ते ड्रायव्हरच्या माथी कसं?

आता मुख्य प्रश्न, नवीन कंपनीनं घेतलंच पाहिजे का. सरळ उत्तर, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ठेका संपला म्हणून पालिकेत कायम करा असंही आपोआप होत नाही, सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय, ठेका नुसता कागदावरचा, बनावट आहे हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ती लढाई वर्षानुवर्षं चालते. त्यामुळे जे काही मिळायचं ते नवीन टेंडरच्या आणि कराराच्या अटींत. तिथं 'आधीच्या ठेकेदाराचे कर्मचारी प्राधान्यानं घ्यावेत' असं वाक्य असेल तर तुमच्या हाती काहीतरी आहे, नसेल तर नव्या मॅनेजरची मर्जी.

राजीनाम्याबद्दल काकांशी शंभर टक्के सहमत, फक्त कारण जोडतो. काम संपलं म्हणून कंपनीनं काढलं तर ती कामगार कपात, त्यात एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. स्वतः राजीनामा दिला की ही भरपाई गेली. कंपनी म्हणू शकते की नोकरी ठराविक मुदतीचीच होती, म्हणून लेटर बघा म्हटलं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही, पाच वर्षं झालीत ना. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ती जुन्या कंपनीनंच द्यायची, तीस दिवसांत. नव्या कंपनीत घड्याळ शून्यापासून सुरू होतं हे लक्षात ठेवा, म्हणून 'पुढं मिळेल, सर्व्हिस कंटिन्यू आहे' असं कोणी म्हणालं तर लेखी मागा.

एल_वन_वाला

वरची कायद्याची बाजू बरोबर आहे, मी दुसरी बाजू सांगतो. मी पूर्वी एका बस ऑपरेटरच्या ऑफिसात टेंडर भरायच्या कामावर होतो, नागपुरात नाही, दुसऱ्या शहरात, पण सगळीकडे गणित सारखंच असते.

बहुतेक शहरांत आता ग्रॉस कॉस्ट पद्धत आहे. तिकिटाचा पैसा पालिकेचा, ऑपरेटरला किलोमीटरमागे ठरलेला दर. गाडी रिकामी धावो का लटकून, त्याला फरक पडत नाही. @बर्डी_ते_बुटीबोरी तुमच्या तिकिटाचा आणि ड्रायव्हरच्या पगाराचा संबंध तुम्ही समजता तेवढा सरळ नाही, मधात पालिकेचं बजेट आहे.

आता दर कसा काढतात ते बघा. गाडीची किंमत सगळ्यांना जवळपास सारखी, बँकेचं व्याज सारखं, डिझेल नाहीतर विजेचा भाव तर सगळ्यांना एकच. टेंडर जिंकायचं म्हणजे एल वन यायचं, सगळ्यात कमी दर. मग पैसे वाचवणार कुठं? माणसांत. एक गाडी दिवसाला सोळा तास लाईनवर ठेवायची तर दोन शिफ्ट, आठवड्याचे चौदा शिफ्ट. एक ड्रायव्हर नियमानं आठवड्याला सहाच करणार. म्हणजे गाडीमागे सव्वादोनच्या वर माणसं तर नुसती आठवड्याची सुट्टी देण्यासाठी लागतात, रजा, आजारपण, लग्नसराई धरली तर अडीच तरी ठेवावे लागतात. आमच्या साहेबांनी शीटमध्ये १.८ टाकायला लावला होता. झालं. डबल ड्यूटी त्या दिवशीच, एसी केबिनमध्ये, एक्सेलमध्ये ठरली, सुपरवायझर बिचारा नंतर फक्त चार्ट काढतो. तो तर स्वतःच ठेक्यावर राहते बऱ्याचदा.

म्हणून टेंडर काढणाऱ्यानं गाडीमागे कमीत कमी किती ड्रायव्हर पाहिजेत हे अटीतच लिहिलं पाहिजे आणि दरमहा बिलासोबत पीएफ चलन, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) चलन, बँकेतून पगार गेल्याची यादी जोडल्याशिवाय पूर्ण बिल पास करू नये. जिथं हे नीट बघतात तिथं पगार वेळेवर होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण बिल अडकलं का मालकाला झोप येत नाही. किमान वेतनाचा महागाई भत्ता आपल्या राज्यात दर सहा महिन्यांनी बदलते, तो किलोमीटर दरात आपोआप वाढायची सोय करारात नसली तर ऑपरेटर वाढीव भत्ता द्यायचं टाळतो, आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांचा करार असला तर त्याचीही अडचण खोटी नसते.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर, पीएम ई-बस सेवा म्हणून केंद्राची योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, देशभरात १०,००० गाड्या, खाजगी भागीदारीतूनच. अशा ठेक्यांत बऱ्याच ठिकाणी गाडी, ड्रायव्हर आणि मेंटेनन्स एका ऑपरेटरचं, कंडक्टर वेगळ्याच एजन्सीचा. एकाच बसमध्ये दोन मालकांची माणसं. कंडक्टरचा पगार अडला आणि त्यानं काम बंद केलं तर गाडी उभी, ड्रायव्हरची फेरी बुडाली, दंड ड्रायव्हरच्या कंपनीला. तुमचा भाऊ नव्याकडे गेला तर त्याची कंपनी नेमकी कोणती हे आधी विचारून घ्या, हसू नका, असे लोक पाहिलेत ज्यांना ते पगार झाल्यावर कळलं.

ऑरेंज_सिटी_टू_बे_एरिया

मी मूळचा प्रतापनगरचा, सध्या कॅलिफोर्नियात. इथं बस चालवायचे ठेके खाजगी कंपन्यांना देणं नेहमीचंच आहे आणि ठेकेदार बदलला की माणसांचं काय, यावर राज्याचा कायदाच आहे. लेबर कोडमध्ये १०७० पासून पुढची कलमं. टेंडर भरतानाच सांगावं लागतं की आधीच्या ठेकेदाराची माणसं कमीत कमी ९० दिवस ठेवणार का नाही. जो हो म्हणतो त्याला टेंडरमध्ये १० टक्के प्राधान्य. सक्ती म्हणाल तर सक्ती नाही, पण एवढं वजन मिळाल्यावर नाही म्हणणं परवडत नाही.

हो म्हटल्यावर मात्र जुन्या माणसांना लेखी ऑफर द्यावी लागते, ती दहा दिवस खुली ठेवावी लागते, कोणाला नाकारायचं तर त्याच्या कामातलं ठोस कारण लागतं किंवा नशापाणी चाचणी, मेडिकल यात नापास झालेला पाहिजे. कमी माणसं लागत असतील तर सिनियॉरिटीनं घ्यायचं. आणि जुन्या ठेकेदाराला किती माणसं, कोणत्या कामावर, काय पगार हे सगळं द्यावं लागतं, म्हणजे नवा माणूस अंदाजानं १.८ टाकत बसणार नाही :)

पण फार गोड चित्र रंगवू नका, पगार तोच ठेवा असं हा कायदा म्हणत नाही. नोकरी राहते, रेट नव्यानं ठरतो. तिथंच युनियन लागते. शिवाय इथल्या केंद्र सरकारचा १९६४ पासूनचा एक नियम आहे, शहरी वाहतुकीला केंद्राचा पैसा पाहिजे तर त्या कामगारांचं नुकसान होणार नाही अशी व्यवस्था आधी करून दाखवा. आपल्याकडे बससाठी केंद्राचा पैसा येतोच ना, मग अशी एक अट त्याला बांधायला काय हरकत आहे मला कळत नाही.

बर्डी_ते_बुटीबोरी

@एल_वन_वाला हे १.८ चं माहीत नव्हतं. मग बस वेळेवर न येणं हेही त्याच्यातच आलं म्हणायचं, माणूसच नाही तर फेरी रद्द. पण तरीही ड्रायव्हरनं स्टॉपवर गाडी थांबवायला कोणता कायदा लागते सांगा.

गिट्टीखदानवाला

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. भावाला काल रात्री बसवून सगळं वाचून दाखवलं, तो म्हणते राजीनामा देत नाही, ज्यांनी दिले ते आता परत मागतो म्हणून राहिले. अपॉइंटमेंट लेटर निघालं नाही, एक आयकार्ड आहे आणि बँकेत पगार जमा होते तेवढंच. पगाराची स्लिप मागितली तर 'मेल करतो' म्हणतात. पीएफचा नंबर आहे पण कधी उघडून पाहिला नाही. आणि एक, त्याच्या बायकोची डिलिव्हरी दिवाळीच्या आसपास आहे, ईएसआयचं कार्ड आहे, मधातच नोकरी गेली तर दवाखाना बंद होते का? आणि टेंडरच्या अटी आम्हाला कोण दाखवणार?

कामगार_कोर्ट_वारी

ज्यांनी राजीनामे दिलेत त्यांनी आजच लेखी पत्र द्यायचं, 'अमुक दिवशी दबावाखाली बिनतारखेचा राजीनामा घेतला, तो मागे घेत आहे', सगळ्यांनी एकत्र सह्या करून, आणि प्रत कामगार आयुक्तांना. तारीख पडायच्या आधी हे पत्र गेलं पाहिजे.

आयकार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट हे पुरावे पुरेसे चांगले आहेत, घाबरू नका. कंपनीच्या नावानं दर महिन्याला पैसे आलेत ना, मग 'हा आमचा माणूस नाही' म्हणणं जड जातं. पीएफ उमंग ॲपवर आज रात्रीच उघडा. पासबुकात तीन गोष्टी बघा, दर महिन्याची नोंद आहे का, पगारातून कापलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम जुळते का, आणि नोकरी लागल्याची तारीख बरोबर आहे का. ही तारीख बऱ्याच ठेकेदारांकडे उशिराची टाकलेली सापडते आणि ग्रॅच्युइटीच्या वेळी तीच पुढं करतात. नवीन कंपनीत जाताना यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, जुनाच द्यायचा, दुसरा काढू द्यायचा नाही. पीएफ काढून खाऊ नका, ट्रान्सफर करा.

टेंडरच्या अटी महाटेंडर्सच्या साईटवर असतात, चालू टेंडर असेल तर कोणीही उघडून वाचू शकतो. झालेला करार पाहिजे तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपये फी, तीस दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. करारातलं कर्मचाऱ्यांबाबतचं प्रकरण, गाडीमागे मनुष्यबळाची अट, आणि गेल्या वर्षभरात बिलासोबत कंपनीनं जोडलेली पीएफ-ईएसआय चलनं, एवढंच मागा. आणि टेंडर अजून उघडलं नसेल तर युनियननं आत्ताच पत्र द्यावं की जुने कर्मचारी घेण्याची अट घाला, करार झाल्यावर मोर्चा काढून ती अट कोणी घालत नाही.

रिटायर_कंडक्टर

दवाखान्याचं मी सांगतो, माया पुतण्याचं असंच झालं होतं. ईएसआय नोकरी सुटली का लगेच बंद पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी कापली असन तर त्याचा फायदा पुढच्या जानेवारी ते जून, आन ऑक्टोबर ते मार्चची कापली असन तर जुलै ते डिसेंबर. म्हणजे मागच्या ऑक्टोबर ते मार्चची त्याची वर्गणी नीट भरली असन, तर दिवाळीच्या टायमाले कार्ड चालते, मधात नोकरी असो का नसो. पण 'भरली असन तर' हे महत्त्वाचं. पगारातून पाऊण टक्का कापला म्हणजे भरलाच असं नसते. सोमवारी पेठ भागातल्या ईएसआयच्या दवाखान्यात नाव नोंदवाच्या आधी ईएसआयच्या शाखेत जाऊन त्याचा नंबर सांगून पक्कं करून घे, बायकोचं नाव आन आधार जोडलेलं आहे का तेही पाय. सकाळी दहाच्या आधी जा, नाहीतर लाईन लागते.